डाव्या हाताची खूण

आबांचं बोलणं फक्त मला कळतं, असा आमच्या घरात एक समज होता. तो मीच पसरवला होता.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी वडिलांचा, म्हणजे आबांचा, उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. महिनाभर दवाखाना झाला, मग त्यांना लोणीला घरी आणलं. आतल्या खोलीत त्यांचा जीव घुसमटायचा म्हणून पडवीत खाट टाकली. तिथून समोरची शेड दिसायची आणि शेडमध्ये उभा असलेला त्यांचा ट्रॅक्टर. तोंडातून दोनच आवाज निघत. 'हं' म्हणजे हो. 'ह्या' म्हणजे बाकीचं सगळं.

मी जुन्नरला हायस्कुलात विज्ञान शिकवते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एसटीने नारायणगाव, तिथून मंचर आणि मंचरहून मिळेल त्या गाडीने लोणी, असा तेव्हापासून माझा नेम झाला. आठवड्यातले पाच दिवस आई एकटी आबांचं सगळं करायची आणि मी शनिवारी येऊन तिला शिकवायची. वर्गात पन्नास पोरांसमोर उभं राहून राहून लागलेली ही खोड आहे, ती मला माहीत आहे आणि जात नाही. जुलैत मी एक पांढरा कार्डशीट आणला आणि त्यावर आबांच्या खुणा स्केचपेनने लिहून काढल्या. दोन बोटं ओठाला म्हणजे चहा. हात कपाळावर म्हणजे उजेड डोळ्यांवर येतोय. हात डोक्यावरून मागे म्हणजे टोपी द्या. सातव्या नंबरची खूण अशी होती: डावा हात मांडीखाली घालायचा, बोटं आकड्यासारखी वाकवायची आणि खालून ओढल्यासारखं करायचं. तिच्यापुढे मी 'भांडं' लिहिलं. अंथरुणातल्या माणसाला कसलं भांडं लागतं ते सांगायला नको.

तो कार्डशीट खाटेच्या डोक्याशी भिंतीला चिकटवला. येणारे-जाणारे पाहुणे तो वाचायचे आणि माझं कौतुक करायचे. आई म्हणायची, "तिला समदं कळतं त्यांचं. मी आपली नुसती राबते." मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

सातव्या नंबरची खूण बरोबरच असणार, याची मला खात्री होती. ती केली की आई भांडं आणायची आणि चार वेळांतून एकदा तरी ते उपयोगी पडायचं. दोन-दोन तासांनी भांडं दिलं तर ते कुणालाही उपयोगी पडेल. वर्गात एखाद्या पोराने एवढ्याशा निरीक्षणावर निष्कर्ष काढला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

ट्रॅक्टरचं थोडं सांगायला हवं. मी सातवीत असताना आबांनी तो घेतला, तेव्हाच तो कुणाचा तरी जुना होता. मूळचा लाल, आता उन्हापावसाने कौलाच्या रंगाचा झालेला. आबांशिवाय त्यावर कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. माझा धाकटा भाऊ ट्रॅक्टर चालवायला शिकला तो गावातल्या मित्राच्या ट्रॅक्टरवर. दुरुस्तीही आबा स्वतःच करायचे. मिस्त्रीला हात लावू द्यायचे नाहीत, एक बोल्ट कसतो आणि दोन ढिले करून जातो म्हणायचे. तसे ते संशयीच. कांदे साठवायच्या बराखीला दोन कुलपं, विहिरीवरच्या पेटीला एक. पण ट्रॅक्टरची किल्ली मात्र पडवीच्या चौकटीला खिळ्यावर उघडी टांगलेली. या गोष्टीचं मला इतक्या वर्षांत कधी नवल वाटलं नाही.

भाऊबीजेला भाऊ चाकणहून आला. तो तिथे एका कंपनीत आहे, तिथेच राहतो. ओवाळून झालं, जेवणं झाली आणि पडवीत हात पुसत उभ्या-उभ्या त्याने विषय काढला. ट्रॅक्टर पाच महिने जागचा हललेला नाही, टायर खराब होत चाललेत, शेजारच्यांचा ट्रॅक्टर भाड्याने मिळतो आणि आपलं भागतं. मंचरला एकजण जुने ट्रॅक्टर सुटे भाग काढायला घेतो, त्याला देऊन टाकू. भाऊ चुकीचं काही बोलत नव्हता. आई म्हणाली, तुम्ही दोघं काय ते ठरवा. मी खाटेच्या एका बाजूला होते, भाऊ दुसऱ्या बाजूला, मधे आबा. आबांना कुणी काही विचारलं नाही.

आबांनी सातवी खूण केली. मी बोलता-बोलताच म्हटलं, "आई, भांडं." आईने आणलं, तर त्यांनी हाताने ते बाजूला सारलं आणि "ह्या" म्हणाले. मग थोड्या वेळाने, असं आई म्हणाली आणि भांडं खाटेखाली ठेवून दिलं.

त्या पडवीसमोरची शेड रिकामी झाली तर आबा दिवसभर कशाकडे बघत बसतील, हा विचार मला सहन होईना. मी भावाला म्हटलं, माझ्या दिवाळीच्या सुट्टीचे अजून आठ दिवस आहेत. तेवढ्यात मी ट्रॅक्टर चालू करून दाखवला तर तो विकायचा नाही. नाही चालू झाला तर मी एक शब्द बोलणार नाही.

"ताई, तुला सायकलची चेन बसवता येत न्हाई," तो म्हणाला.

"आठवीला विद्युत परिपथ मी शिकवते," मी म्हटलं. भाऊ हसला, पण त्याने आठ दिवस दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडीवर आबांचा जुना शर्ट चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसले. किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. समोरचा लाल दिवासुद्धा लागला नाही. पडवीतून "ह्या, ह्या" ऐकू आलं. बघितलं तर आबांचा हात मांडीखाली. मी ओरडून आईला भांडं द्यायला सांगितलं. मनात म्हटलं, मी इकडे वळले की यांना लागायलाच हवी.

दिवा नाही म्हणजे बॅटरी, एवढं कुणालाही कळलं असतं. बॅटरीवरची झाकणं उघडली तर आत पाणी नव्हतं, टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर फुलला होता. गरम पाणी टाकून तो धुतला, पॉलिशपेपरने घासून वायरीची टोकं चकचकीत केली. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरून गावातल्या दुकानात चार्जिंगला लावली. तिला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी शाळेच्या प्रयोगशाळेतल्यासारखा दिवा तयार केला, एक छोटा बल्ब आणि दोन वायरी, आणि किल्लीच्या मागच्या प्रत्येक वायरीला तो लावण्याचा सराव केला. आई पदर तोंडाला लावून हसत होती. आबा हसत नव्हते. ते माझ्या हातांकडे बघत होते आणि मधूनमधून तीच खूण करत होते.

बॅटरी आली. बसवली. किल्ली फिरवली तर लाल दिवा लागला, पण पुढे नुसती टिक. परत दिवा घेऊन बसले. किल्लीपर्यंत करंट येतो, किल्लीतून पुढे जातो, इंजिन फिरवणाऱ्या सेल्फपर्यंत पोचतो आणि तिथे बल्ब मंद होतो. अर्ध्या दिवसाने सापडलं की बॅटरीची दुसरी वायर, चासीला जिथे बोल्टने बसवली होती तिथे, गंजून गेली होती. परिपथ पूर्ण होत नव्हता. बोल्ट काढला, खालचा पत्रा घासून उघडा केला, परत आवळला. किल्ली फिरवली आणि ते अख्खं धूड हललं. खर्र, खर्र, खर्र. पाच महिन्यांनी इंजिन फिरत होतं. मी वळून आबांकडे पाहिलं. वाटलं, आता चेहरा खुलला असेल.

आबा कपाळाला आठ्या घालून हात मांडीखाली ओढत होते. एकदा, दोनदा, तीनदा.

इंजिन फिरत होतं, पण चालू होत नव्हतं. थोडं फिरवायचं, थांबायचं, परत फिरवायचं. बॅटरी पुन्हा बसायच्या बेताला आली तेव्हा मी हरले आणि मिस्त्रीला फोन केला. ऐन कांदालागणीचे दिवस, रोटर मारून माती भुसभुशीत करायला गावातला प्रत्येक ट्रॅक्टर शेतात आणि त्यातला एखादा रोज बंद पडलेला. मिस्त्री दुसऱ्या दिवशी दुपारी आला तोच घाईत. माझ्या घासलेल्या वायरी बघून म्हणाला, काम चोख केलंय. मग मला किल्ली फिरवायला लावली आणि स्वतः सायलेन्सरकडे बघत उभा राहिला.

"धूरच न्हाई ताई. डिझेल जळायला आत तर गेलं पायजे."

ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. डिझेल आत जाऊन पेटत नसेल तर पांढरा धूर तरी निघतो. इथे काहीच निघत नव्हतं. मी विजेच्या मागे लागले होते आणि दुखणं दुसरीकडे होतं. मिस्त्रीने फिल्टर बदलला, स्क्रू ढिला करून हाताने पंपिंग करत लाईनमधली हवा काढली. आधी बुडबुडे आले, मग स्वच्छ डिझेल. डॅशबोर्डवरची स्टॉपची मूठ, जी ओढली की इंजिन बंद होतं, तीही त्याने आतबाहेर करून बघितली. नीट हलत होती. मग इंजिनाच्या डोक्यावर जाणाऱ्या नळ्यांचे नट ढिले करून मला परत किल्ली मारायला सांगितली. त्या नळ्यांतून थेंबही आला नाही.

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. डिझेल पंपापर्यंत येतंय आणि पंपातून पुढे जात नाही, म्हणजे पंप गेला, असं त्याने सांगितलं. इतक्या जुन्या पंपाचे भाग मिळणं अवघड, मिळाले तरी ट्रॅक्टरच्या जिवापेक्षा पंपाचा जीव मोठा होईल. त्याच्या बोलण्यात चूक काढावी असं मला काही सुचलं नाही. पंपाच्या त्या बाजूला डिझेल आणि माती मिळून बोटभर जाडीचा काळा थर साचलेला होता. तो खरवडून बघावं असं ना त्याला वाटलं ना मला.

मी भावाला फोन केला. तो जिंकल्यासारखा बोलला नाही, हे त्याचं मोठेपण. रविवारी सकाळी मंचरचा माणूस येईल, म्हणाला. स्वतःला सुट्टी नव्हती.

फोन ठेवून मी पडवीत आले. आबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी हात मांडीखाली घातला. आईने भांडं पुढे केलं. आबांनी ते डाव्या हाताने असं फेकलं की ते अंगणात जाऊन वाजलं.

माझा आधीच पारा चढलेला होता. "आबा, लहान पोरासारखं काय करता? लागली तर लागली म्हणा, नाही तर गप पडून रहा. आईचे हाल बघताय ना?"

हे मी माझ्या वडिलांना म्हणाले. पडवीत, आईसमोर. आबांनी तोंड भिंतीकडे केलं. माझ्या कार्डशीटकडे. शनिवारी दिवसभर त्यांनी एकही खूण केली नाही, चहाचीसुद्धा. मला वाटलं, समज दिल्याचा उपयोग झाला.

रविवारी मंचरचा माणूस एक मोठा पिकअप आणि साखळ्या घेऊन आला. चढवायला मदत म्हणून मिस्त्रीही आला होता. माणूस बरा होता. आधी आबांच्या खाटेशी येऊन त्याने त्यांना नमस्कार केला, मग ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. साखळी अडकवणार तेवढ्यात आई आतून हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली.

आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं देत नाहीत. घेणाऱ्याने स्वतःचं दावं आणायचं, आपलं सोडून आपल्याजवळ ठेवायचं. दावं दिलं तर दावण मोडते, असं मानतात. आमच्या घरी शेवटची बैलजोडी गेली तिची दोन दावी अजून माळ्यावर आहेत. आई म्हणाली, तीस वर्षं या ट्रॅक्टरने बैलाचं काम केलंय, त्याचंही काही तरी ठेवून घेतल्याशिवाय तो दारातून जायचा नाही. मी म्हटलं, ठीक आहे, किल्ली ठेवून घेऊ. मंचरच्या माणसाला किल्लीशी काही देणंघेणं नव्हतं.

"तू न्हाई सांगायचं," आई म्हणाली. "ज्याचं जनावर, त्यानं सांगायचं."

मिस्त्री आणि मी मिळून आबांना उचललं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची शेडमध्ये ट्रॅक्टरच्या चाकाशी नेऊन ठेवली. आईने ट्रॅक्टरच्या बॉनेटला हळदीकुंकू लावलं. मग आबांच्या समोर उकिडवी बसली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पाच महिन्यांत आमच्यापैकी कुणी केलं नव्हतं ते तिने केलं. त्यांना एक प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट बघितली.

"ह्यातलं काय ठिवायचं, तुमीच सांगा."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश, आपल्याला परत ओरडा बसेल की काय अशा बेताने, डावा हात मांडीखाली घातला.

आणि मी म्हटलं, "आई, भांडं."

"आत्ताच झालंय. तू गप बस जरा," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. ती आबांच्या हाताकडे बघत होती. तो हात मांडीखालून निघाला आणि वर गेला, ट्रॅक्टरच्या सीटकडे. मग परत मांडीखाली. परत सीटकडे.

"सीट? सीट ठिवायचं का?"

"हं," आबा म्हणाले. इतक्या मोठ्याने की मंचरच्या माणसाने साखळी खाली ठेवली.

सीट ठेवून घ्यायला कुणाचीच ना नव्हती. मिस्त्रीने पाना लावला, बोल्ट काढले, दोन्ही हातांनी सीट उचलली आणि ती तशीच धरून खाली बघत राहिला. सीटच्या स्प्रिंगच्या आत एक लोखंडी आकडा जोडलेला होता. आकड्यात एक कडी अडकवलेली होती आणि कडीला एक बारीक तार, ताठ ताणलेली. सायकल-मोपेडला ब्रेकची असते तशी. मिस्त्रीने सीट खाली ठेवली आणि बोटाने त्या तारेचा माग काढत गेला. पायाखालच्या पत्र्याच्या खालून, ब्रेकच्या दांड्याला चिकटून, इंजिनाच्या बाजूला, त्या काळ्या थरात. तिथे त्याने स्क्रूड्रायव्हरने माती खरवडली. पंपाला एक लहानसा लोखंडी कान असतो. तो ओढून धरला की पंप डिझेल पुढे सोडत नाही. तार त्या कानाला बांधलेली होती. डॅशबोर्डवरची मूठ कशालाच जोडलेली नव्हती, नुसती शोभेला होती.

"ताई," मिस्त्री म्हणाला, "पंप गेलेला न्हाई. पंप धरून ठिवलाय."

मग आईला आठवलं. बरीच वर्षं झाली, दोन गावं सोडून कुणाचा तरी ट्रॅक्टर दारातून चोरीला गेला होता. जुन्या ट्रॅक्टरची किल्ली कुठल्याही जुन्या ट्रॅक्टरला चालते, हे आबांना माहीत होतं. तेव्हा ते दोन दिवस शेडमध्ये काही तरी करत बसले होते आणि जेवायलासुद्धा आत आले नव्हते. काय करताय विचारलं तर म्हणाले होते, घरात सांगितलं की गावात जातं. आणि मला आठवलं ते वेगळंच. लहानपणापासून बघत आले होते, ट्रॅक्टर शेडमध्ये लावून उतरताना आबा सीटखाली हात घालायचे. मला वाटायचं, फडकं ठेवतात.

मी चढले. आकड्यातली कडी सोडवली. खाली पंपाशी खट् असा आवाज झाला. सीट नव्हती, मी उभ्यानेच किल्ली फिरवली. इंजिनाने तीन वेळा खर्र केलं, सायलेन्सरमधून पांढरा आणि मग काळा धूर आला आणि शेडचे पत्रे वाजायला लागले.

आईने दोन्ही हात तोंडावर धरले. मिस्त्री मान हलवत हसत होता. मला रडू आलं आणि ते आनंदाचं नव्हतं. जुलैपासून या माणसाने मला किती वेळा सांगितलं होतं आणि दर वेळी मी त्यांच्यापुढे भांडं धरलं होतं. ट्रॅक्टर विकायचा विषय निघाला तेव्हा सांगितलं, मी सीटवर बसले तेव्हा सांगितलं, मिस्त्री हात पुसत होता तेव्हा सांगितलं. शेवटी त्यांनी भांडं फेकलं, तर मी त्यांना गप पडून राहायला सांगितलं. मी खाली उतरून त्यांच्या खुर्चीपाशी बसले.

"आबा, हेच सांगत होता?"

"हं."

"माझं चुकलं."

आबांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मला वाटलं माफ केलं. पण त्यांनी माझं डोकं नुसतं बाजूला सारलं, कारण मी मधे आले होते आणि त्यांना इंजिन दिसत नव्हतं.

मंचरच्या माणसाने चहा घेतला, साखळ्या पिकअपमध्ये टाकल्या आणि जाताना परत एकदा सीटखाली डोकावला. "आबा, ही आयडिया समद्या तालुक्याला सांगतो आता," असं म्हणून गेला. तो चेष्टेत म्हणाला होता. आबांच्या तोंडून लगेच "ह्या" निघालं आणि मग निघतच राहिलं. खाटेवर आणून निजवलं तरी त्यांना चैन पडेना. हात सीटकडे, मग अंगणाच्या फाटकाकडे, मग परत सीटकडे. माझ्या कार्डशीटवर अशी कुठलीच खूण नव्हती.

मी स्टूल घेऊन खाटेशी बसले. मला काही कळतंय असं समजायचं नाही, एवढं मनाशी ठरवलं. एकेक प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. पाठ दुखतेय का? ह्या. ट्रॅक्टर परत बंद पडेल असं वाटतंय का? ह्या. भावाला बोलवू का? ह्या. मंचरच्या माणसाबद्दल काही? हं. त्याला देऊ नये? ह्या. त्याने बघितलं? हं, हं. अर्धा तास लागला. मला बोलण्याची घाई होती, आबांना नव्हती. शेवटी उलगडलं ते असं: आकड्याची जागा दोन परक्या माणसांनी बघितली, म्हणजे ती जागा आता कामाची नाही. तार दुसरीकडे न्यायची. आजच्या आज नाही तर उद्या.

सोमवारी शाळा उघडत होती. मी एक दिवसाची रजा टाकली. आबांची खुर्ची शेडमध्ये, मी ट्रॅक्टरखाली पाठीवर. इथे का? ह्या. इथे? ह्या. अजून मागे? हं. आई दाराशी उभी राहून रस्त्यावर लक्ष ठेवत होती, कुणी येत असेल तर खोकायचं असं ठरलं होतं. दुपारपर्यंत काम झालं. आबांनी मला तीन वेळा कडी अडकवायला आणि तीन वेळा सोडवायला लावली, दर वेळी किल्ली फिरवून बघायला लावली. मग दोन बोटं ओठाला लावली. मी विचारलं, चहा? हं, म्हणाले. निघताना मी तो कार्डशीट भिंतीवरून काढला आणि घडी करून माझ्या पिशवीत टाकला.

पंधरा दिवसांनी भावाचा फोन आला तेव्हा मी जुन्नरला होते, रविवार होता, आणि पाहुण्यांमुळे मला त्या आठवड्यात लोणीला जाता आलं नव्हतं. तो गावी आला होता. कांद्याच्या वावरात रोटर मारायचा होता आणि ट्रॅक्टर नुसता फिरत होता, चालू होत नव्हता. सीटखाली तर काहीच नाही, म्हणाला. कुठे आहे ती तार?

"आबांना विचार," मी म्हटलं.

"त्यांना बोलता कुठं येतंय?"

"विचार. आणि विचारल्यावर थांब."

तो काही तरी पुटपुटला आणि फोन आईकडे दिला. आईने तो बंद केला नाही, मीही केला नाही. खाटेशी स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग भावाचा आवाज, आबांचा 'ह्या', परत भावाचा आवाज, परत 'ह्या'. आई मधे हळूच म्हणाली, "विचारतोय. तू ठिवू नको." मी फोन कानाला धरून गॅसपाशी उभी होते, कुकर झाला, भाजी झाली. कधी तरी एक 'हं' ऐकू आला, मग अंगणातून चपलांचा आवाज, मग बराच वेळ काही नाही. मग खर्र, खर्र, खर्र झालं, आणि आईने फोन शेडकडे धरला.